मदत हवी आहे: ब्रेक्झिटची फूट कौन्सिलच्या मतदानात किती उरली आहे?

मंडळी, भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्यांनाही कौन्सिलसाठी (तिथली स्थानिक स्वराज्य संस्था) मत देता येतं, म्हणून तिथल्या लोकांना मुद्दाम विचारतोय.

मे २०१९ मध्ये ब्रेक्झिट (युरोपीय संघातून बाहेर पडणं) अडकलेलं असताना सत्ताधारी कंझर्व्हेटिव्ह पक्षाने १३०० हून अधिक जागा गमावल्या, संघात राहण्याच्या बाजूच्या लिबरल डेमोक्रॅट्सनी ७०० हून अधिक मिळवल्या. तिथे रागाचं कारण उघड होतं. पण मे २०२५ मध्ये नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाने केंट, लिंकनशायर, डरहॅमसह १० कौन्सिलं जिंकली. हा सगळा भाग २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात ‘लीव्ह’कडे, म्हणजे संघ सोडण्याकडे, झुकलेला. मग हे जुनंच मतदान नव्या पक्षाकडे गेलं, की स्थलांतर, महागाई आणि दोन्ही मोठ्या पक्षांवरचा वैताग? वय आणि शिक्षण यांनीच २०१६ आणि २०२५ अशा दोन्ही वेळा कौल ठरवला असेल, तर ब्रेक्झिटला वेगळं कारण मानणं मला पटत नाही.

२०१६ च्या सार्वमताचे अधिकृत निकाल कौन्सिलनिहाय आहेत, वॉर्डनिहाय आकडे मोजक्याच ठिकाणचे. मग वॉर्डांची तुलना करायची कशी? आणि केंट-लिंकनशायरमध्ये राहणाऱ्यांनो, प्रचाराला दारात आलेले लोक रस्ते, वृद्धांची देखभाल, कौन्सिल टॅक्स यांवर बोलत होते की छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या स्थलांतरितांवर? कृपया सविस्तर लिहा.