आमवातात लसिकावाहिनी तुंबते की थकते?

रानजाई: परवा इथे कुणीतरी लिहिलं, "आमवात म्हणजे लिम्फ तुंबणं. रोज चोळा, मेथोट्रेक्झेट बंद करा." (मेथोट्रेक्झेट म्हणजे आमवातातला दाह आवरणारी गोळी.) दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. लसिकावाहिनी पेशींभोवतीचं जादा पाणी, म्हणजे लिम्फ, वाहून नेते, पण ती मोरीचा पाइप नव्हे. तिच्या भिंतीत स्नायू असतात, आत झडपा असतात. ती स्वतः ठोके देत लिम्फ पुढे ढकलते. सांध्यात दाह असला की जमलेल्या पांढऱ्या पेशी नायट्रिक ऑक्साइड भरमसाट सोडतात, स्नायू ढिला पडतो. रॉचेस्टर विद्यापीठात टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन जास्त बनवणाऱ्या उंदरांत हे दिसलंय: आधी गुडघ्यामागची लसिकाग्रंथी (लिम्फ गाळणारी गाठ) फुगते, मग एकदम बसते, वाहिनीचे ठोके मंदावतात आणि गुडघा भडकतो. मूळ दाहात आहे. तो आवरणारं औषधच सोडायचं?

सह्यकडा: उंदरांचं कौतुक पुरे. माझ्या आईची बोटं मेथोट्रेक्झेटवरही सुजलेलीच होती. गोळीच्या दुसऱ्या दिवशी नुसत्या ओकाऱ्या. कोमट तिळाच्या तेलाने हलकं चोळलं की मूठ वळायची. मी रोज चोळलंय, मला शिकवू नका.

रानजाई: चोळू नका असं मी कुठे म्हटलं? आणि फक्त उंदीर नाहीत. २०२० च्या अभ्यासात आमवात भडकलेल्या माणसांच्या हातांत हिरवा रंग टोचून अवरक्त कॅमेऱ्याने पाहिलं. निरोगी हातांपेक्षा निचरा फारच कमी होता. आईंना मेथोट्रेक्झेटचा त्रास कमी करणारं फॉलिक ॲसिड दिलं होतं का?

सह्यकडा: नाही. कुणी सांगितलंच नाही.

कोकणवासी: सांगणार कोण? आमच्या तालुक्यात संधिवाताचा डॉक्टरच नाही. बायकोला दोन वर्षं स्टिरॉइड आणि पेनकिलरवर ठेवलं, रक्त एकदाही तपासलं नाही. निदान झालं तोवर मनगट वाकडं. आता ती पोळी लाटू शकत नाही. तुम्ही वाहिन्यांवर भांडताय!

सह्यकडा: म्हणूनच लोक तेलाकडे वळतात.

रानजाई: वळू देत, पण वहिनींचं मनगट औषधामुळे गेलं नाही, वेळेवर न मिळाल्याने गेलं.

कोकणवासी: ते खरं. पण एका तपासणीला एसटीने पाच तास जायचं, मजुरी बुडवायची, हे कोण मोजतं?

सह्यकडा: बरं, गोळी सोडा हे चूक, मानलं. तेल मात्र मी सोडणार नाही.

रानजाई: गरम, लाल सांध्यावर जोर लावू नका, एवढंच.