अनुभव धागा: रोजच्या धबडग्यात नवीन काही शिकायला जागा कशी काढलीत?

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यात घराघरांतली घुमटं, म्हणजे एका तोंडावर कातडं ताणलेली मडक्याची वाद्यं, माळ्यावरून खाली येतात आणि "यंदा शिकायचंच" म्हणणारे भेटतात. चवथ सरली की घुमट परत माळ्यावर. वाद्य असो, भाषा असो, कॉम्प्युटर असो, ज्यांचं शिकणं सण उलटल्यावरही चालू राहिलं त्यांनी इथे लिहा. कधी बसता, खंड पडला तर काय करता, हे तपशिलात सांगा. सुरुवात मीच करते.

मी फोंड्याकडची. पन्नाशीनंतर घुमट हातात घेतलं. आमच्याकडे सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजतो. पाव घेऊन आत आले की थेट घुमटाशी बसते, मोबाइल बघायच्या आधी. घड्याळ लावून पाहिलं होतं, ते बंद करून झोपता येतं. पोदेर मात्र दारात उभा असतो!

उजव्या हाताची थाप लवकर जमते. मेख आहे डाव्या हातात. मडक्याच्या लहान, उघड्या तोंडावर तळव्याची उघडझाप केली की आतली हवा कोंडते-सुटते आणि नाद खाली-वर होतो. ही उघडझाप थापेशी जुळायला फार वेळ लागतो, आणि दोन दिवस हात लागला नाही तर आधी तीच बिघडते. म्हणून रोज, थोडंच, पण डाव्या हाताचं. पावसात कातडं सादळतं, ते धगीवर धरून तापवावं लागतं. (पूर्वी घोरपडीचं असायचं, आता कायद्याने बंदी असल्यामुळे बकरीचं.) ज्या दिवशी वाजवायला अजिबात सवड नसते, त्या दिवशी नुसतं कातडं तापवून ठेवते. वाद्य हातात आलं की माझ्या लेखी दिवस भरला.

चोडणहून
माझं पोर्तुगीज फेरीबोटीवर चालतं. स्कूटर लावून रांगेत उभं राहायचं, मग रायबंदरपर्यंतचं पाणी, एवढ्यात एका क्रियापदाची रूपं पुटपुटून होतात. घरी वही उघडायला गेलो की हमखास कोणीतरी हाक मारतं. बोटीवर कोणी मारत नाही. रविवारी मी बोटीने जात नाही, म्हणून अभ्यासही नाही, आणि त्याने काही बिघडलेलं नाही.

वेर्ण्याहून
"रोज ठरावीक वेळी बसा" हा सल्ला शिफ्टवाल्यांना लागू पडत नाही हो. आमची पाळी आठवड्याला बदलते. मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय, ते डब्याला बांधून घेतलंय: कामावरून आलो, डबा घासला, लॅपटॉप उघडला. पहाट असो की मध्यरात्र, डबा तर घासावाच लागतो. रात्रपाळीनंतर डोकं चालत नाही, तेव्हा नवीन काही घेत नाही, कालचाच प्रोग्राम न बघता पुन्हा टाइप करतो.

मडगावहून
२१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं, म्हणून लिहिते. मी मानसशास्त्र शिकवते. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एखादी गोष्ट आपसूक होऊ लागायला लागलेला मध्यम कालावधी ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं नुकसान झालं नाही, हेही त्यातच आहे. पण त्या सवयी फळ खाणं, पाणी पिणं, चालणं-धावणं अशा होत्या. घुमट काय किंवा पायथन काय, ते आपसूक कधीच येणार नाही. आपसूक होतं ते बसणं. पोदेर, बोट, डबा हे बसायला लावतात. त्यापुढे रोज जरा अवघड काही घ्यावंच लागतं. माझ्या विद्यार्थ्यांचं घोडं नेमकं इथे अडतं. रोज बसतात, पण येतं तेच घोटत राहतात.

डिचोलीहून
वरच्या बाईंचं म्हणणं मोडी लिपीत मला पदोपदी पटतं. निवृत्तीनंतर शिकू लागलो. दिवेलागणीनंतर बसतो. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग त्यांना अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. छापील मुळाक्षरं लवकर आली. जुना कागद उघडला तेव्हा मात्र एक ओळ लागेना, कारण दर कारकुनाचं वळण निराळं, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. तेव्हापासून मुळाक्षरं गिरवणं सोडलं. रोज अनोळखी कागदाच्या तीनच ओळी घेतो. लागल्या तर ठीक, न लागलेला शब्द समासात तसाच उतरवून ठेवतो. पुष्कळदा पुढल्या आठवड्यात दुसऱ्या कागदात तो भेटतो आणि मागची ओळ सुटते. घरातले म्हणतात डोळे जातील, पण मजा वेगळीच आहे. साखळी-डिचोली भागात आणखी कोणी मोडी शिकत असेल तर इथेच कळवा. न लागलेले शब्द रविवारी एकत्र बसून सोडवू.