सिक्युअर बूट चालू ठेवून नेटवर्कवरून अनेक ऑपरेटिंग सिस्टिम

प्रश्न: माझ्या पीएक्सई सर्व्हरवरून (नेटवर्कवरून संगणक सुरू करून देणारा सर्व्हर) उबुंटू ही लिनक्स प्रणाली व्यवस्थित सुरू होते, मात्र त्याच ग्रबच्या (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) मेनूतून डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा कर्नल (प्रणालीचा गाभा) निवडल्यास डिजिटल सही अवैध असल्याचा संदेश येतो. सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सही असलेले प्रोग्राम चालू देणारी सुरक्षा सोय) बंद केल्यास दोन्ही चालतात, परंतु तो बंद ठेवणे मला मान्य नाही. चूक कोठे होत असावी?

उत्तर १: चूक मांडणीत आहे, फाइलींत नाही. फर्मवेअर (संगणकातील मूळ अंगभूत सॉफ्टवेअर) मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्राच्या आधारे शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) स्वीकारते. पुढे ग्रब आणि कर्नल यांची पडताळणी शिम करते, आणि उबुंटूच्या शिममध्ये कॅनॉनिकल या उबुंटू बनवणाऱ्या कंपनीची सही पडताळण्याची किल्ली असते, डेबियनची नसते. म्हणून प्रत्येक प्रणालीची शिम व तिचा सही केलेला नेटवर्क ग्रब स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवावा आणि कोणत्या संगणकाला कोणती शिम द्यायची, हे डीएचसीपी सर्व्हरवर (संगणकांना नेटवर्क पत्ते देणारा सर्व्हर) मॅक पत्त्यानुसार (नेटवर्क कार्डाचा स्वतंत्र क्रमांक) ठरवावे. माझ्या मते हाच सर्वांत स्वच्छ मार्ग आहे.

उत्तर २: एकच मेनू हवा असल्यास डेबियनचे प्रमाणपत्र मोकयुटिल या आज्ञेने मॉक यादीत (संगणकाच्या मालकाने स्वतः मान्य केलेल्या किल्ल्यांची यादी, जी शिम वापरते) नोंदवता येते. मात्र रीबूटनंतर प्रत्येक संगणकासमोर बसून पासवर्डसह संमती द्यावी लागते, त्यामुळे संगणक मोजके असतील तरच हे परवडते. आणखी एक गोष्ट आवर्जून तपासा: काही नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टचे त्रयस्थ प्रमाणपत्र (इतरांच्या प्रोग्रामांवरील सहीसाठीचे) मुळातच बंद असते, तेव्हा शिमच नाकारली जाते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. स्वतंत्र फोल्डर करताच डेबियन सुरू झाले. विंडोजसाठीही शिम लागेल का?

उत्तर १: नाही. विंडोजच्या बूट मॅनेजरवर मायक्रोसॉफ्टचीच सही असल्याने फर्मवेअर तो थेट स्वीकारते.