व्हीपीएन कुठला घ्यावा? मदत हवी आहे

मंडळी, जरा डोकं चालवा. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) नियम काढला ना, व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमधून झाकून नेणारी सेवा) देणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) सगळं ५ वर्षं जपून ठेवायचं, त्यानंतर एक्सप्रेस, नॉर्ड, प्रोटॉन वगैरेंनी इथले सर्व्हर काढले आणि आता भारताचा आयपी सिंगापूर नाहीतर लंडनहून देतात असं वाचलं. मग बाहेरच्या कंपनीचा घेतला तर माझी नोंद खरंच कुठे राहत नाही का? की कार्डाने पैसे भरले की नाव गेलंच?

मी काही लपवाछपवी करत नाही हो, पण कुठल्या साइटवर जातो ते इंटरनेटवाल्याला आणि त्याच्याकडून सरकारला कशाला कळायला हवं?

सध्या एक फुकटातला टाकलाय, त्यावर भरवसा शून्य, तो फुकट देतोय म्हणजे माझाच डेटा विकत असणार. वर चावीचं चिन्ह दिसलं की आई विचारते हे काय आलंय, आणि परवा किराणावाल्याकडे यूपीआय अडकलं, मागे रांग, शेवटी व्हीपीएन बंद करून पैसे दिले. बँकेचं ॲप तेवढं व्हीपीएनच्या बाहेर ठेवता येतं का? कोणी वर्षभर वापरलाय का, खर्च किती येतो? आणि गूगलला लॉगिन असताना या सगळ्याचा उपयोग तरी काय?