मारव्यातल्या षड्जावर अंगावर काटा का येतो?

संधिप्रकाश (मूळ प्रश्न):

उस्ताद अमीर खाँ यांनी गायलेल्या मारवा रागाचे ध्वनिमुद्रण मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. त्यात एक जागा अशी आहे की ती येण्याच्या क्षणभर आधीच मानेपासून दंडापर्यंत शहारा उतरतो आणि हातावरचे केस उभे राहिलेले चक्क दिसतात. तिथे घडते एवढेच, की बराच वेळ कोमल रिषभ (रे) आणि धैवत (ध) यांच्याभोवती घुटमळणारा आवाज अखेर षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, येऊन स्थिरावतो. तान नाही, तिहाई नाही, आवाज चढवणेही नाही.

काहीतरी अनपेक्षित कानावर पडले की काटा येतो, अशी माझी समजूत होती. पण ही जागा मला तोंडपाठ आहे, त्यामुळे अनपेक्षित असे तिथे काहीच उरलेले नाही, आणि तरीही शरीर दर वेळी तसेच वागते. याउलट काही चित्रपटगीतांवर पूर्वी येणारा काटा आता येईनासा झाला आहे. माझी पत्नी शेजारी बसून तोच मारवा आवडीने ऐकते, पण तिला असे काही होत नाही. मात्र गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाने पहिला ठोका दिला की तिच्या अंगावर सर्रकन काटा येतो, आणि मी त्या वेळी कानांत बोटे घालून उभा असतो.

हे सारे संस्कारांचे आहे, असे उत्तर मला घरातून मिळाले आहे. ते खोटे असेल असे नाही, पण त्याआधी शरीरात नेमके काय घडते, हे कुणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

जुना श्रोता:

माझाही अनुभव असाच आहे, मात्र प्रत्यक्ष मैफलीत तो ध्वनिमुद्रणापेक्षा अधिक तीव्र असतो. समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सगळ्या सभागृहातून एकाच वेळी दाद उमटते तेव्हा काटा गाण्याने आला की त्या दादेने, हे मला अजून ठरवता आलेले नाही. जाणकारांच्या प्रतीक्षेत आहे.

चेतापेशी:

मी शरीरक्रियाविज्ञान शिकवतो, म्हणून प्रश्नाच्या त्या भागाला हात घालतो.

प्रत्येक केसाच्या मुळाशी एक अतिसूक्ष्म स्नायू असतो. तो आखडला की केस ताठ उभा राहतो आणि भोवतालची त्वचा किंचित उचलली जाते. आपण ज्याला काटा म्हणतो तो हाच. या स्नायूला आदेश मिळतो तो अनुकंपी चेतासंस्थेकडून, म्हणजे भीती वाटली असता हृदयाची गती वाढवणाऱ्या आणि तळहातांना घाम आणणाऱ्या यंत्रणेकडून, आणि तिच्यावर बहुतेकांच्या इच्छेचा ताबा चालत नाही. अंगभर दाट केस असलेल्या प्राण्यांना या व्यवस्थेमुळे थंडीत ऊब मिळते आणि शत्रूसमोर आकार मोठा दिसतो. आपल्याकडे केस विरळ झाले, पण यंत्रणा तशीच राहिली. धोका नसताना, नुसत्या स्वरांनी ती जागी का व्हावी, हा खरा प्रश्न आहे.

या विषयावरचे पुष्कळ मूलभूत काम माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात झाले. ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोर यांनी २००१ मध्ये १० संगीतशिक्षित व्यक्तींना आपापल्या अंगावर हमखास शहारा आणणारे संगीत घेऊन यायला सांगितले आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले. प्रयोगाची रचना मला विशेष आवडते: एकाने आणलेले संगीत दुसऱ्याला तुलनेसाठी ऐकवले जाई. स्वर तेच असूनही ज्याचे त्यालाच शहारे येत, आणि त्या वेळी अन्नासारख्या जीवनावश्यक सुखांनी उद्दीपित होणारे मेंदूचे भाग सक्रिय होत. आपल्या पत्नीला मारव्यावर आणि आपल्याला ढोलावर काटा न येणे यात त्यामुळे वावगे काहीच नाही.

आता तोंडपाठ जागेविषयी. व्हॅलरी सलीमपूर, झटोर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे दाखवले की संगीतातल्या उत्कट क्षणी मेंदूत डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन स्रवते, आणि ते दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या ठिकाणी. क्षण येण्यापूर्वी, वाट पाहण्याच्या काळात, कॉडेट या भागात हालचाल अधिक असते; क्षण आला की ती न्यूक्लियस अक्युम्बन्स या भागात वाढते. जागा ठाऊक असल्याने पहिला टप्पा मुळीच बाद होत नाही, उलट वाट पाहायची ती कशाची हे मेंदूला नेमके कळते. शहारा ‘क्षणभर आधीच’ येतो असे आपण लिहिले आहे, ते या निष्कर्षाशी चांगले जुळते. डोपामिनचा संबंध केवळ योगायोगाचा नाही, हे २०१९ मधील एका प्रयोगावरून दिसते: डोपामिन वाढवणारे लेव्होडोपा दिल्यावर संगीताचा आनंद वाढला आणि डोपामिनला अटकाव करणारे रिस्पेरिडोन दिल्यावर तो घटला. मात्र डोपामिन म्हणजेच सर्व काही असेही नव्हे. स्टॅनफर्डच्या एव्हरम गोल्डस्टीन यांनी १९८० मध्येच शरीरात तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन हे औषध १० जणांना देऊन पाहिले होते, आणि त्यांपैकी ३ जणांचे शहारे कमी झाले होते.

मानसशास्त्रज्ञ जमशेद भरुचा यांनी मांडलेला एक भेदही इथे उपयोगी पडेल. आपल्या अपेक्षा दोन प्रकारच्या असतात: एक, हे विशिष्ट गाणे पूर्वी ऐकल्याच्या आठवणीतून आलेली, आणि दुसरी, आयुष्यभर त्या प्रकारचे संगीत ऐकून कानात मुरलेली. पहिलीला पुढे काय येणार हे ठाऊक असते, पण दुसरी दर वेळी नव्याने काम करते आणि पहिलीचे ऐकत नाही. म्हणूनच शंभरदा ऐकलेली जागाही कानाला ताण देऊ शकते.

जवारी:

चेतापेशी यांचे विवेचन उत्तम आहे. मी गाणे शिकवते, त्यामुळे मारव्याच्या बाजूने थोडी भर घालते आणि एका बाबतीत माझा मतभेदही नोंदवते.

मारव्यात पंचम (प) वर्ज्य आहे, म्हणजे घेतच नाहीत, रिषभ कोमल आहे आणि मध्यम तीव्र आहे. वादी (सर्वांत प्रमुख स्वर) रिषभ आणि संवादी (त्याखालोखालचा) धैवत मानतात, आणि या दोन स्वरांमध्ये षड्ज-पंचमाचा किंवा षड्ज-मध्यमाचा संवाद, म्हणजे कानाला जुळणारे अंतर, नाही, हे या रागाचे जुने कोडे आहे. चलन ‘नि रे ग, म ध’ असे षड्जाला वळसा घालून जाते. तालमीत विद्यार्थ्याला सगळ्यात आधी हेच सांगावे लागते की षड्जावर टेकू नकोस, कारण गळा सवयीने तिकडेच धावतो. गायक धैवतावर न्यास करत, म्हणजे थांबत, राहिला की ऐकणाऱ्याच्या कानाला काही काळाने धैवतच षड्ज वाटू लागतो. आता शेजारी तंबोऱ्याकडे लक्ष द्या. पंचम नसल्याने पहिली तार बहुधा निषादाला लावलेली असते, पण जोड आणि खर्ज या तारा षड्जच बोलत असतात. म्हणजे षड्ज मैफलीतून गेलेला नसतो, फक्त गायक तो देत नसतो.

यात भौतिक भागही आहे. पांढरी दोनच्या (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) आसपास, १५० हर्ट्झवर, षड्ज धरला तर कोमल रिषभ सुमारे १६० हर्ट्झवर येतो. गळ्यातून १६० आणि तारेतून १५० असे दोन्ही नाद एकत्र आले की सेकंदाला सुमारे १० स्पंदने पडतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा कमी-जास्त होतो, आणि कानाला एक खरखर, एक अस्वस्थता जाणवते. गायक मींडेने, म्हणजे स्वर न तोडता घसरत, रिषभावरून षड्जावर उतरतो तेव्हा ही स्पंदने मंदावत जातात आणि स्वर मिळताक्षणी थांबतात. मूळ प्रश्नात ज्याला ‘एवढेच’ म्हटले आहे, ते असे आहे.

आता मतभेद. पाश्चात्त्य अभ्यासांत शहाऱ्याची कारणे म्हणून जी यादी येते, तिच्यात अचानक बदललेली स्वरसंगती (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा मेळ, हार्मनी), एकदम वाढलेला आवाज, नव्या वाद्याचा किंवा समूहस्वराचा प्रवेश अशा गोष्टी असतात. संगीताचे मानसशास्त्र अभ्यासणारे जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये श्रोत्यांच्या उत्तरांवरून काढलेल्या निष्कर्षातही शहाऱ्याशी जोडली गेलेली ठळक गोष्ट म्हणजे पूर्वतयारीविना आलेली स्वरसंगती. ख्यालात स्वरसंगती नाही, वाद्यवृंद नाही, आणि विलंबित लयीत आवाज एकदम वाढवणे हे बहुधा कच्चेपणाचे लक्षण समजले जाते. त्यामुळे आश्चर्याचा धक्का हे कारण आपल्या संगीताला फारसे लागू पडत नाही. इथे काटा येतो तो चुकलेल्या अपेक्षेने नव्हे, तर लांबवलेल्या अपेक्षेने. अतिविलंबित लयीत एक आवर्तन पाऊण-एक मिनिटाचे असते. सम कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि गायक तिच्याकडे कोणत्या वाटेने येतो एवढेच पाहायचे असते. षड्ज लवकर दिला तर काहीच होत नाही. फार ताणला तर श्रोता चुळबुळ करू लागतो. या दोहोंमधली नेमकी वेळ साधणे हे गायकाचे काम आहे, आणि ते कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही.

चेतापेशी:

मतभेद मान्य आहे. मी अपेक्षेविषयी लिहिताना धक्का आणि विलंब यांत पुरेसा फरक केला नव्हता. ढोल-ताशाचे मात्र यादीतल्या कारणांशी जुळते: एकदम वाढणारा आवाज, छातीत जाणवणारा खर्जाचा नाद आणि भोवतालची गर्दी. तिथे कान तयार असण्याची गरज नसते. मारव्यातला षड्ज रोखून धरला आहे हे ज्याच्या कानाला जाणवलेलेच नाही, त्याला तो मिळाल्याचे विशेष काय वाटणार? जुना श्रोता यांनी दादेविषयी जे विचारले, त्याचे उत्तर मला ‘दोन्ही’ असेच द्यावेसे वाटते.

कोरडा पाषाण:

माझे नाव मी उगीच घेतलेले नाही. लहानपणापासून भजनी मंडळात आहे, तालात चुकत नाही, सूर किंचित हलला तरी खटकतो, गाण्याने मन भरून येते, प्रसंगी डोळेही भरतात. पण अंगावर काटा म्हणून कधी आलेला नाही. हे सांगितले की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहतात. हा काही दोष आहे का?

चेतापेशी:

दोष मुळीच नाही. बार्सिलोना येथील संशोधकांनी २०१४ मध्ये अशा व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला, की ज्यांचे कान उत्तम आहेत, ज्यांना दुःखी आणि आनंदी सुरावट अचूक ओळखता येते, पैशाच्या खेळात जिंकल्यावर ज्यांना इतरांइतकाच आनंद होतो, पण संगीताने काहीच होत नाही. आपण त्या गटातही बसत नाही, कारण आपले डोळे भरतात. अश्रू आणि शहारा या एकाच गोष्टीच्या कमी-अधिक पायऱ्या नाहीत. स्लोबोडा यांच्याकडेही दोन्हींना कारणीभूत होणाऱ्या स्वररचना वेगवेगळ्या आढळल्या होत्या. शहारे येणाऱ्यांच्या मेंदूत श्रवणाचे आणि भावनांचे भाग जोडणारे तंतू अधिक असतात, असे २०१६ मधील एक अभ्यास सांगतो. परंतु तो अवघ्या २० जणांवर केलेला आहे, आणि ते तंतू जन्मजात की ऐकण्याच्या सवयीतून वाढलेले, हे त्यावरून ठरत नाही. वर्तमानपत्रांनी त्याचा ‘काटा येणारे लोक विशेष असतात’ असा जो अर्थ लावला, तो सोडून द्यावा.

भरतवाक्य:

एक छोटी भर. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत, म्हणजे भावनेने शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांत, (स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय) रोमांच आणि अश्रू वेगवेगळे मोजलेले आहेत, त्यामुळे कोरडा पाषाण यांनी निश्चिंत असावे. रोमांचाची कारणेही तिथे भय, शीत, हर्ष, क्रोध, स्पर्श आणि रोग अशी संमिश्र आहेत. थंडी आणि हर्ष शेजारी शेजारी बसवताना भरताला अडचण वाटलेली नाही. मात्र हे विवेचन मुळात नटासाठी आहे, श्रोत्यासाठी नाही, हे लक्षात न घेता ‘आपल्याकडे हे सगळे आधीच सांगितलेले होते’ असे म्हणणारे प्रतिसाद येतील, त्यांना माझा पाठिंबा गृहीत धरू नये.

संधिप्रकाश:

सर्वांचे मनापासून आभार. जवारीताई, तंबोऱ्यातला षड्ज सतत चालू असतो, हे इतकी वर्षे ऐकूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. काल पुन्हा ऐकताना मुद्दाम तारांकडे कान दिला, तर त्या जागेवर काटा आलाच नाही. पुढच्या आवर्तनात लक्ष सुटले आणि तेव्हा आला. विश्लेषणाने तो जातो का?

जवारी:

मोजायला बसले की जातो, असा माझाही अनुभव आहे; लक्ष तारेवर गेले की ते गळ्यावर राहत नाही. काही दिवस जाऊ द्या, ऐकण्यात मुरले की परत येईल. तोवर एक करून पाहा. सोहनीचे स्वर मारव्याचेच आहेत, पण तिथे तार षड्ज वरचेवर आणि उघडपणे येतो. पत्नीसह बसून आधी सोहनी आणि दुसऱ्या दिवशी मारवा ऐका. मारव्यातल्या षड्जावरच काटा आला आणि सोहनीतल्या षड्जावर आला नाही, तर माझे लांबवलेल्या अपेक्षेचे म्हणणे थोडेफार टिकेल. दोन्हीकडे आला तर ते लंगडे पडेल, आणि तसे झाले तरी इथे जरूर लिहा.