ओपनडीएसएस + पायथन + ऊनो: टॅप उशिरा का हलतो?

फीडर१३:
आयट्रिपलई १३ बस फीडर (वीज वितरण वाहिनीचं चाचणी मॉडेल) ओपनडीएसएस या वीजजाळ्याच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये, पायथनमधून एकेक सेकंदाची स्टेप. रेग्युलेटरचं, म्हणजे वाइंडिंगचा टॅप (पायरी) बदलून व्होल्टेज सांभाळणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं, लॉजिक (१२२ व्होल्ट, चालणारा बँड २ व्होल्ट रुंद, टॅप हलण्याआधीचा डिले ३० सेकंद) आर्डुइनो ऊनो बोर्डवर टाकलंय, सिरियल ११५२०० वर. नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं सुरळीत. बोर्ड जोडला की व्होल्टेज दहा-बारा मिनिटं बँडबाहेर पडून राहतं, मग टॅप हलतो. शिवाय मी दिलेला टॅप कधीकधी पुढच्या स्टेपला आपोआप बदलतो. एका स्टेपला साधारण ४० मिलिसेकंद लागतात.

रिले५१:
डिले मिलिस() वर, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या घड्याळावर, मोजताय ना? घोळ तिथेच. बोर्ड खरा वेळ मोजतो, फीडर स्क्रिप्टचा. ४० मिलिसेकंदांत फीडरचा १ सेकंद सरतो, म्हणजे बोर्डाच्या ३० सेकंदांत फीडरचे ७५० उलटतात. झाली साडेबारा मिनिटं.

प्रत्येक पॅकेटमध्ये सिम्युलेशनची वेळही पाठवा आणि डिले तिच्यावरच मोजा. लॉजिक तपासायला एवढं पुरतं. बोर्डाचा टायमर किंवा वॉचडॉगच (बोर्ड अडकला तर रिसेट करणारा टायमर) तपासायचा असेल तर मात्र स्टेप खऱ्या सेकंदाला बांधावी लागेल, आणि २४ तासांच्या लोड कर्व्हला २४ तास लागतील. तेव्हा लूपमध्ये स्लीप(१) टाकू नका. सॉल्व्हचा वेळ वर चढून उशीर साठत जातो. सुरुवातीची वेळ अधिक स्टेप क्रमांक, त्या क्षणापर्यंतच थांबा.

टॅप आपोआप बदलतो कारण मॉडेलमधले रेगकंट्रोल (ओपनडीएसएसचे स्वतःचे रेग्युलेटर नियंत्रक) चालूच आहेत. तीन फेजचे तिन्ही डिसेबल करा. कंट्रोलमोड=ऑफ सरसकट नको, मॉडेलमध्ये कपॅसिटर कंट्रोल असले तर तेही गप्प होतील.

बिटबायबिट:
वर दिलंय ते बरोबर. सिरियलचंही बघा: २० बाइट जायला पावणेदोन मिलिसेकंद पुरतात, ४० जास्तच झाले. मध्ये एफटीडीआय अडॅप्टर (यूएसबी-सिरियल) असेल तर त्याचा लेटन्सी टायमर १६ वरून १ मिलिसेकंदावर आणा. पोर्ट उघडताच ऊनो रिसेट होतो. २ सेकंद थांबा, इनपुट बफर रिकामा करा, मगच पहिली स्टेप. पॅकेटमध्ये स्टेप क्रमांक हवाच, जुळला नाही तर उत्तर फेकून द्या. ऊनोवर डबलही ४ बाइटांचाच, त्यामुळे पायथनकडून ४ बाइटांचा फ्लोट पाठवा. बोर्डाकडून टॅप −१६ ते +१६ असा पूर्णांक घ्या. १ + टॅप × ०.००६२५ स्क्रिप्टमध्ये करा.

फीडर१३:
व्होल्टेज सिरियलऐवजी अ‍ॅनालॉग पिनवर द्यायचं झालं तर?

रिले५१:
चालेल. १२० व्होल्टला ४ व्होल्ट धरले तर १० बिट एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा) एक काउंट सुमारे ०.१५ व्होल्ट, म्हणजे बँडमध्ये १३-१४ काउंट बसतात. सिग्नल दुसऱ्या ऊनोच्या पीडब्ल्यूएममधून (झटपट चालू-बंद होणाऱ्या पल्समधून) काढणार असाल तर १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडचा फिल्टर लागेल. तो स्थिरावायला अर्धा सेकंद घेतो. मग ४० मिलिसेकंदांची स्टेप विसरा.