चर्चा: हृदयरुग्णांना मूलपेशींचा उपचार चाचणीबाहेर, पैसे घेऊन द्यावा का?

मूळ मत
हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण उरतो आणि तो व्रण आकुंचन पावत नाही. तरुण, निरोगी हृदयातही वर्षाला जेमतेम १ टक्का स्नायुपेशी नव्याने तयार होतात. ही उणीव अस्थिमज्जेतील मूलपेशी, म्हणजे इतर प्रकारच्या पेशींना जन्म देणाऱ्या स्टेम सेल, भरून काढतील अशी आशा २००१ मध्ये उंदरांवरील एका प्रयोगाने जागवली. परंतु २००४ मध्ये इतर संशोधकांना त्या पेशींपासून हृदयस्नायू तयार झालेला आढळला नाही, आणि २०१८ मध्ये २००१ चा प्रयोग करणाऱ्या गटाचे प्रमुख पिएरो अन्व्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असे हार्वर्डने कळवले. इतके घडूनही हा उपचार विकला जातो, हे मला अक्षम्य वाटते.

प्रतिसाद १
एका गटाच्या चुकीसाठी सगळे शास्त्र मोडीत काढू नये. माझे वडील पाठीशी तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपतात, कारण आडवे होताच त्यांना धाप लागते. त्यांना ‘अजून थांबा’ असे कोणत्या तोंडाने सांगू? ५०० हून अधिक रुग्णांच्या ड्रीम-एचएफ चाचणीत हा उपचार सुरक्षित ठरला, शिवाय झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाणही कमी दिसले.

मूळ मत मांडणारी
वडिलांविषयी वाचून फार वाईट वाटले. मात्र हृदय निकामी झाल्याने वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागणे कमी व्हावे, हे त्या चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. टोचलेल्या बहुतेक पेशी हृदयात टिकतच नाहीत. उंदरांमध्ये तर मृत पेशी टोचूनही सुधारणा दिसली, म्हणजे तेथे काम केले ते जखमेकडे धावून येणाऱ्या प्रतिकारपेशींनी. जिवंत पेशींचे पैसे घेणारा हे रुग्णाला सांगतो का?

प्रतिसाद २
आपण दोघे जुन्याच पेशींवर वाद घालत आहात. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवलेल्या पद्धतीने साध्या त्वचापेशीही मूलपेशींसारख्या बनवता येतात. त्यांपासून घडवलेला हृदयस्नायू काचेच्या बशीत स्वतःहून धडधडतो. जपानमधील ओसाका येथे २०२० मध्ये अशा पेशींचा पातळ थर रुग्णाच्या हृदयावर बसवण्यात आला. धोकाही येथेच आहे: माकडांच्या हृदयात रुजलेल्या अशा पेशींमुळे ठोक्यांचा ताल बिघडला होता. त्यामुळे देखरेखीशिवाय हे कोणी करू नये.

प्रतिसाद १
देखरेख मलाही हवीच आहे. पण वय आणि मूत्रपिंडाचा विकार पुढे करून वडिलांना चाचणीतून वगळले. ज्यांना याची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच निकष बाहेर ठेवत असतील, तर आधी त्या निकषांवर बोला.